डाव्या बाजूचं वजन

आमच्या बोटीचं स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि मी आयुष्यभर डावीकडे बसत आलो. गाडीतही तसंच होतं. लग्न झालं तेव्हा बायकोला गाडी येत होती आणि मला येत नव्हती, आणि एका घरात दोघांनी एकच काम शिकण्यात अर्थ नाही असं माझं मत पडलं. शेजारी बसणाऱ्यालाही कामं असतात हे लोकांना पटत नाही. रस्ता सांगायचा, समोरून कोण येतंय ते सांगायचं, मधूनमधून 'हळू' म्हणायचं आणि पोचल्यावर 'बघ, वेळेत आलो की नाही' असं म्हणायचं. ही कामं मी एकही रजा न घेता केली.

बोट तिनं निवृत्त झाल्यावर घेतली. फायबरची, लहानशी, मागं इंजिन लावलेली. पुढं दोघं बसतात आणि मागं चेपून एक. कशाला घेतलीस असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही छत्री घेता ना, तशीच." मी छत्री पावसासाठी घेतो. तिनं बोट कशासाठी घेतली ते मला अजून नीट समजलेलं नाही. पण सुट्टीच्या सकाळी आम्ही बंदराच्या बाहेर जायचो, ती उजवीकडे, मी डावीकडे, आणि लाट आली की मी सांगायचो, "लाट आली."

"दिसतेय मला," ती म्हणायची.

तरी पुढच्या लाटेला मी पुन्हा सांगायचो. काम ते काम.

ती गेली आणि बोट धक्क्याला तशीच बांधलेली राहिली. मी अधूनमधून जाऊन दोरी बघून येत असे. एकदा गेलो तर काचेवर बंदर कचेरीचा कागद चिकटवलेला. परवानाधारक चालक नसलेल्या बोटी हंगाम संपायच्या आत हलवण्यात येतील. सरकारी खात्यात माझी हयात गेलेली असल्यामुळे 'हलवण्यात येतील' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी दारात उभा राहिलो.

"परवानाधारकांना स्वतः यावं लागेल," कारकून मान वर न करता म्हणाला.

"परवाना माझ्या बायकोचा होता. ती वारली."

"कधी?"

मी सांगितलं.

"मग तसं तेव्हाच कळवायला हवं होतं त्यांनी."

मी म्हणालो, "ती जरा कामात होती."

त्यानं समजुतीनं मान हलवली. माझ्या नोकरीत मीही अशी मान हलवली असणार, त्यामुळे मला राग आला नाही. त्यानं नियम सांगितला. बोट दोघांच्या नावावर, परवाना एकीचा. आता एक तर मी खवळलेल्या पाण्यात बोट हाताळायची परीक्षा द्यायची, नाहीतर बोट क्रेननं उचलून मागच्या आवारात ठेवणार. "बेवारसमध्ये," तो म्हणाला.

ते आवार मी जाताना पाहून आलो. पालथ्या घातलेल्या बोटी, त्यांच्या पोटांवर वाळलेलं शेवाळ, आणि सावलीला झोपलेली कुत्री. तिथं मी जरा वेळ उभा राहिलो. आमच्या घरात तिनं आणलेल्या वस्तू पुष्कळ आहेत, पण पडदे घरासाठी होते, मिक्सर सगळ्यांसाठी होता आणि शर्ट तर माझेच होते. स्वतःसाठी म्हणून तिनं घेतलेली वस्तू एवढी एकच. ती पालथी घालू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. कसं ते ठरवलं नव्हतं.

मुलीला फोन केला. ती लांब राहते आणि तिथून स्पष्ट बोलते.

"बाबा, विकून टाका ती बोट. तुम्हाला सायकलसुद्धा येत नाही."

"येते."

"चढता येतं. उतरता येत नाही."

"बोटीतून उतरायला धक्का असतो," मी म्हणालो. तिनं फोनवर जो श्वास सोडला तो हुबेहूब तिच्या आईचा होता.

शिकवायला मला इंजिनवाला मिळाला. आमच्या बोटीचं इंजिन तोच दुरुस्त करत असे. माणूस हुशार, पण त्याची एक अडचण होती. त्याला पाण्यावर मळमळत असे. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो दोन्ही हातांनी कठडा धरून उतरायचा, इंजिनचं काम करायचा आणि पांढराफटक होऊन वर यायचा. त्यामुळे माझं शिक्षण धक्क्यावरून झालं. तो वर स्टुलावर बसून ओरडायचा आणि मी खाली बंदराच्या आतल्या पाण्यात गोल गोल फिरायचो.

पहिल्याच दिवशी त्यानं मला एक लाल, गुंडाळीची दोरी दाखवली. तिचं एक टोक इंजिनच्या बटणाला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. "तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं," तो म्हणाला. "चालवणारा गेला आणि बोट आपली पुढं चाललीय, असं व्हायला नको."

मी दोरी मनगटाला बांधली. ही सोय फक्त बोटीतच केलेली आहे, असं माझ्या मनात आलं.

लाटांचा धडाही त्यानं स्टुलावरूनच दिला. "लाट सरळ नाकावर घ्यायची नाही. आडवीही घ्यायची नाही, ती उलटवते."

"मग?"

"तिरकी घ्यायची."

"किती तिरकी?"

त्यानं विचार केला. "ओळखीचा माणूस समोरून येतोय, पण आपल्याला थांबून बोलायचं नाहीये. तेव्हा आपण जसं वळून जातो, तेवढी."

हे मला लगेच समजलं. ती गेल्यानंतर बरेच लोक माझ्यावरून तसे गेले होते.

"चढताना इंजिनला थोडा जोर द्यायचा," तो ओरडला. "माथ्यावर आलात की जोर सोडायचा. नाही सोडला तर बोट उडते आणि पाठ मोडते, तिची किंवा तुमची. आणि माथ्यावर कधी वळायचं नाही. दोन लाटांच्या मधे वळायचं."

"आणि कुणी पडलं तर?"

"ज्या बाजूला पडला त्याच बाजूला स्टिअरिंग. म्हणजे इंजिनचा पंखा त्याच्यापासून लांब जातो. दुसऱ्यानं एकच काम करायचं. पडलेल्याकडे हात करून ठेवायचा. काहीही होवो, हात खाली नाही आणि नजर हलवायची नाही. लाटांत डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. एकदा नजर हलली की माणूस गेला."

मग तो तोंडावर रुमाल धरून गेला. नुसतं सांगूनही त्याला मळमळलं होतं.

मुख्य घोटाळा वेगळाच निघाला. मी एकटा उजवीकडे बसलो की बोट उजवीकडे कलायची. आतल्या पाण्यात ते चालून जात होतं, पण बाहेर पहिलीच लाट आत आली असती. इंजिनवाल्यानं डोकं खाजवलं. "आधी वहिनी इथं आणि तुम्ही तिथं बसायचात. तेव्हा नीट तरंगत होती. आता तुम्ही इकडं आलात, तर तिकडं वहिनींच्या वजनाएवढी वाळू ठेवा. झालं."

त्याला ते सोपं वाटलं. मी वजनमापं तपासायच्या खात्यात होतो. दुकानातले काटे तपासायचे, खोटे सापडले की जप्त करायचे, हे माझं काम. इमारतीत मला अजूनही 'काटेवाले' म्हणतात. वजन कुठलंही द्या, ते पारखायला मी घाबरत नाही. पण हिचं कोणतं वजन धरायचं, ते मला सुचेना. बोटीतून जायचो तेव्हाचं एक होतं. तो आकडा मी इथं सांगत नाही, तिला आवडणार नाही. आणि एक दवाखान्यातलं होतं, शेवटचं. दवाखान्यातला काटा मी नर्सची नजर चुकवून तपासून पाहिला होता. त्याच्यात काहीतरी खोट असावी अशी माझी फार इच्छा होती. काटा बरोबर होता.

मी पहिलं वजन धरलं. इमारतीच्या खाली जिन्याजवळ बांधकामाची वाळू पडलेली होती. घरातला वजनकाटा खाली आणला, मगानं वाळू घालत दोन पिशव्या भरल्या. शेवटी शेवटी मुठीनं. आकडा बरोबर जुळला तरी काही वेळ मी काट्यासमोर तसाच बसून राहिलो होतो, तेवढ्यात सेक्रेटरी जिना उतरून आला.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. पाण्याचा पंप, लिफ्टचं ग्रीस आणि इतरांचं आयुष्य ही तीन खाती तो सांभाळतो.

"काटेवाले, वाळू कशाला?"

"बोटीत ठेवायला."

"आणि ही दोरी?"

"पिशव्या बांधायला. पाण्यात सुटून चालायचं नाही."

"पाण्यात," तो म्हणाला. मग त्यानं काट्यावरचा आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि काहीतरी विसरल्यासारखा पुन्हा वर गेला. तो खाली कशाला आला होता ते मला कधीच कळलं नाही.

त्या दिवसापासून माझा भाव एकदम वधारला. वर्षभर ज्यांनी जिन्यात मला तिरकं घेतलं, ते थांबून बोलायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी चहाला बोलावलं आणि माणसानं कुंड्या लावाव्यात, कुंडीला रोज पाणी लागतं, असं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. शेजारच्या काकूंनी त्यांचा पोपट आठवडाभर सांभाळायला दिला. त्या कुठंही गेल्या नव्हत्या. भिंतीपलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज मला रोज येत होता आणि पोपट तो ऐकून तसाच खोकत होता. मुलगी सकाळ-संध्याकाळ फोन करून काय जेवलो ते विचारू लागली. गच्चीला कुलूप लागलं. टाकीचं काम आहे म्हणाले. लोकांना समुद्राचं आकर्षण असतं, बोट चालवणाऱ्याचा मान वाढतो, असा मी यातून निष्कर्ष काढला.

कचेरीत मात्र माझा भाव वाढला नव्हता. परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा, आणि तो लाइफजॅकेट घातलेला हवा. शिवाय दोन्ही कान दिसायला हवेत. लाइफजॅकेटची कॉलर कानापर्यंत येते. फोटोवाल्यानं मला मान लांब करायला सांगितली, मग हनुवटी वर करायला, मग कॉलर हातानं दाबून धरायला. "हात दिसतायत," तो म्हणाला. शेवटी त्याच्या बायकोनं स्टुलामागं बसून जॅकेट ओढून धरलं, तेव्हा कान आले. फोटोत माझा चेहरा गळ्याला फास लागल्यासारखा दिसतो. दुकानात जॅकेट काढायची चेन अडकली, म्हणून मी भर दुपारी बाजारातून नारिंगी जॅकेट घालून घरी आलो. भाजीवालीनं विचारलं, "पूर येणाराय का हो?" जिन्यात सेक्रेटरीनं मला त्या अवतारात पाहिलं आणि त्याचा चेहरा फारच गोंधळलेला दिसला.

त्याच संध्याकाळी तो घरी आला.

"परीक्षेला मी येतो तुमच्याबरोबर."

"कशाला?"

"डावीकडे बसायला. वाळू काढून टाका."

"तुमचं वजन जास्त आहे."

"पोट आत घेईन," तो म्हणाला.

मला ते नको होतं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वाळू त्या जागेवर बसते तेव्हा ती काही बोलत नाही, एवढंच. पण परीक्षेच्या दिवशी माझं काही चाललं नाही. परीक्षा घ्यायला आलेल्या बाई ठेंगण्या होत्या, तोंडात खोकल्याची गोळी होती आणि आवाज धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा होता. त्यांनी पिशव्या पायानं ढकलून पाहिल्या. "हे चालणार नाही. लाटेत सुटलं तर आपल्यालाच चिरडेल. माणूस असेल तर बसवा."

"माणूस आहे," सेक्रेटरी म्हणाला.

मी पिशव्या सोडल्या, एकेक करून धक्क्यावर नेल्या आणि भिंतीच्या सावलीत टेकवून ठेवल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं.

बंदराच्या बांधाबाहेर वारा आणि पाणी एकमेकांच्या अंगावर येत होते. तिघांनीही जॅकेटं चढवली होती. मी दोरी मनगटाला लावली. सेक्रेटरी डावीकडे, बाई मागं चेपून. पहिली लाट आली आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "लाट आली."

"कुणाला सांगताय?" बाईंनी विचारलं.

"सवय आहे."

"सांगत राहा. त्यात चूक काही नाही."

मग मी सांगत राहिलो. लाट आली, असं म्हणायचं, नाक तिरकं करायचं, चढताना जोर द्यायचा, माथ्यावर सोडायचा. पाणी काचेवर आदळायचं, बोट खाली बसायची आणि पुन्हा वर यायची. खोटं कशाला सांगू, मला ते जमत होतं. 'दिसतेय मला' असं उत्तर आलं नाही तरी प्रत्येक लाटेनंतर मी तेवढी जागा सोडत होतो, आणि हात आपलं काम करत होते. सेक्रेटरी पांढरा पडला होता. त्यानं एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझी बाही धरली होती.

"काटेवाले," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"नंतर."

"नाही, आज बोलूनच टाकतो. मला झोप लागत नाही." आणि तो माझ्याकडे वळून अर्धा उभा राहिला.

"खाली बसा."

"वाळू भरता. वजन करून भरता. दोरी आणता. बोट काढता. वहिनी गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही. आम्ही काय समजायचं?"

मला आधी समजलंच नाही. मग कुंड्या, पोपट, गच्चीचं कुलूप आणि रोजची फोनवरची जेवणाची चौकशी अशी सगळी एका रांगेत येऊन उभी राहिली.

"अहो," मी म्हणालो, "मी लाइफजॅकेट घालून फोटो काढला."

"तेच तर आम्हाला कळेना," सेक्रेटरी म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत होतो. आम्ही माथ्यावर होतो आणि जोर सोडायचा राहून गेला. बोट हवेत गेली. ती आपटली तेव्हा डावी बाजू रिकामी होती.

"माणूस पाण्यात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्या गुडघ्यावर बसल्या, एका हातानं कठडा धरला आणि दुसरा हात लांब केला. तो हात मग हलला नाही. "मी बघतेय. वळवा."

नजर न हलवण्याचं काम मी केलेलं आहे. कित्येक महिने, दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून. झोप आली तरी नजर हलवली नव्हती. पण तिथं धरायला स्टिअरिंग नव्हतं. कुणाजवळच नव्हतं, डॉक्टरांजवळही नव्हतं. आता माझ्या दोन्ही हातांत होतं. मी ते डावीकडे घेतलं, मग माथा जाऊ दिला, आणि दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात बोट फिरवली. बाईंचा हात फिरत्या बोटीवर होकायंत्रासारखा त्याच्याकडेच राहिला. त्या हाताच्या टोकाला, पाण्यात, एक नारिंगी ठिपका वर यायचा आणि जायचा.

वाऱ्याकडे नाक करून मी हळूहळू जवळ गेलो. सेक्रेटरी बुडत नव्हता. जॅकेटच्या कॉलरमधून त्याचं डोकं वर आलेलं होतं आणि तो पाण्यातून सूचना देत होता.

"डावीकडून या. इतकं जवळ नको. अजून जवळ या."

मी इंजिन बंद केलं. बाई तोल राखायला दुसऱ्या बाजूला गेल्या आणि मी त्याच्या जॅकेटच्या खांद्यांना धरलं. हयातभर मी वजनं केली, पण भिजलेला सेक्रेटरी किती भरतो ते कुठल्या तक्त्यात नाही. एका लाटेनं त्याला थोडं वर उचललं, तेवढ्या वेळात मी मागं झुकून ओढलं आणि तो पोटावर आत आला. मीही त्याच्याखाली आलो. काही वेळ आम्ही दोघं बोटीच्या तळाशी पाण्यात पडून होतो. त्याचा श्वास माझ्या कानाशी चालू होता. मी तो ऐकत राहिलो. उठायची मला घाई नव्हती.

"चष्मा गेला," तो शेवटी म्हणाला.

"जाऊ द्या."

"मी तुम्हाला सांभाळायला आलो होतो."

"हो."

"घरी काय सांगू?"

"पाय घसरला म्हणून सांगा."

तो उठून बसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान आणि जवळचे दिसत होते. बाई मागं बसून समुद्राकडे पाहत होत्या. त्यांनी आमच्याकडे मुद्दाम पाठ केली होती असं मला वाटतं.

"काटेवाले, तसं खरंच काही मनात नाही ना?"

एवढा माणूस एवढ्यासाठी पाण्यात पडला होता. त्याच्याशी खोटं बोलणं बरं दिसलं नसतं.

"सकाळी उठल्यावर असतं कधीकधी," मी म्हणालो. "मग चहा टाकतो. कधी दूध संपलेलं असतं, तेव्हा खाली जावं लागतं. खाली गेलं की कुणीतरी भेटतं."

"मी भेटतो," तो म्हणाला. "पंप चालू करायला उतरतो मी त्या वेळी."

"तुम्हीच भेटता."

त्यानं मान हलवली. दातांवर दात वाजत होते, म्हणूनही असेल.

परत येताना लाटा मागून होत्या. मागून येणाऱ्या लाटेशी शर्यत लावायची नसते. तिच्या पाठीवर बसून तिच्याच वेगानं यायचं. तसं मी आणलं. धक्क्यावर इंजिनवाला स्टुलावर उभा होता. त्यानं लांबूनच सेक्रेटरीची दशा पाहिली आणि रुमाल काढला.

बाईंनी उतरल्यावर तोंडातली गोळी कागदात गुंडाळली. "माणूस पाडलात म्हणून गुण कापले. काढलात म्हणून दिले. पास आहात." मग जाता जाता म्हणाल्या, "माथ्यावर असताना कुणाच्या तोंडाकडे बघत जाऊ नका."

कारकुनानं माझा परवाना तयार करायच्या आधी हिचा मागितला. तो जमा करून घ्यायचा असतो आणि त्याला यंत्रानं भोक पाडायचं असतं. त्यानं भोक पाडलं.

"हा मला ठेवता येईल?" मी विचारलं.

"रद्द झालेला काय करायचाय?"

"फोटो आहे."

त्यानं नियमाचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि परवाना माझ्याकडे सरकवला. भोक नावावर पडलं होतं, फोटो शाबूत होता. तिनंही जॅकेट घातलेलं होतं. दोन्ही कान स्पष्ट दिसत होते आणि चेहरा नेहमीसारखा होता. कसं जमवलं होतं कुणास ठाऊक. मला विचारायचं सुचलं नव्हतं.

सेक्रेटरीला पुढं सर्दी झाली आणि ती त्यानं इमारतभर फिरवली. पाय घसरल्याची हकिगत तो सांगतो, तिच्यात दर वेळी लाटा वाढतात. काकूंनी पोपट परत नेला. गच्चीचं कुलूप निघालं, टाकीचं काम झालं म्हणाले. बोटीच्या काचेवरचा बंदर कचेरीचा कागद मी ओल्या फडक्यानं पुसून काढला. डिंक चिवट होता, बराच वेळ लागला.

हंगाम संपायला अजून अवकाश होता. हवा निवळल्यावर एका सकाळी मी एकटाच गेलो. वाळूच्या पिशव्या डावीकडे ठेवून सगळीकडून पक्क्या बांधल्या, जॅकेट घातलं, दोरी मनगटाला लावली आणि बांधाबाहेर पडलो. त्या दिवशी सेक्रेटरी जिथं पडला होता तिथपर्यंत गेलो असेन. पाणी नुसतं पसरलेलं होतं. चढायला काही नाही, सोडायला काही नाही. बोट जराही कलत नव्हती. स्टिअरिंगवर हात ठेवून मी समोर पाहत बसलो. सांगण्यासारखी एकही लाट येईना. मग बोट वळवून परत आणली.

धक्क्यावरचा रखवालदार दोर झेलायला पुढं आला.

"एवढ्यात आलात?"

"हो. समुद्र शांत होता."

"मग तर मजेत फिरायचं की."

"उद्या बघू," मी म्हणालो आणि त्याच्याकडे दोर टाकला.